गाजावाजा न करता वस्तीत आरोग्याचं टेबल कसं लावावं

वस्ती लहान असली की कोणाच्या घरी आज सुरमई आली इथपासून कोणाची सून दवाखान्यात कशाला गेली इथपर्यंत सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. निरोध मुंबई महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतो, ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन फुकट, एचआयव्हीची तपासणी फुकट. तरी कोळीवाड्यातली बाई किंवा मानखुर्दच्या एखाद्या नगरातला पोरगा तिथवर पोचत नाही, कारण रांगेत शेजारीण उभी असते. म्हणून गर्भनिरोधन, गर्भपाताची माहिती, गुप्तरोग आणि नशा करणाऱ्यांची काळजी, यातल्या कशाचीही सोय वस्तीत लावायची तर औषधांच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: कोण बघेल? बचत गट, महिला मंडळ, आरोग्य सेविकांबरोबर काम करणारी पोरं, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, हे सगळे ही सोय लावू शकतात.

जागा, वेळ आणि पाटी

दोन दारं असलेली खोली शोधा. समाजमंदिर, बालवाडी, सोसायटीचं ऑफिस, काहीही चालेल. फक्त एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर जाता आलं पाहिजे. बाहेरच्या भागात बीपीचं मशीन आणि वजनकाटा. आतल्या भागात, पडद्यामागे, बाकीचं. साडीचा पडदा नजर अडवतो, आवाज अडवत नाही, त्यामुळे आत टेबलफॅन आणि बाहेर रेडिओ चालू ठेवा. पाटी एकच: ‘बीपी व वजन तपासणी, मोफत’. ही नुसती पळवाट नाही. माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी बीपी बघावंच लागतं. १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर त्या गोळ्या देत नाहीत. म्हणजे बाई बीपी तपासायला आली होती हे खरंच असतं, आणि घरी तसं सांगताना तिची जीभ अडखळत नाही.

पाण्याच्या वेळेला टेबल लावलंत तर कोणी फिरकणार नाही. बायकांसाठी दुपारी दोन ते चार बरं पडतं: मासळी विकून झालेली असते, पोरं शाळेत असतात. नाक्यावर काम करणाऱ्या पुरुषांसाठी रात्री आठनंतर, आणि तेही वेगळ्या वारी. दोघांची वेळ एक केली की पहिल्या आठवड्यात बायका येणं बंद होतं. बसणारी माणसं वस्तीतलीच हवीत, पण त्याच गल्लीतली नकोत. चुलत सासूसमोर तांबीबद्दल (कॉपर-टी) कोणी विचारत नाही.

काय ठेवायचं, काय नाही

तीनेकशे घरांच्या वस्तीला पहिल्या महिन्यात ४०० निरोध, २० प्रेग्नन्सी किट, १० तातडीच्या गोळ्या, १५ पाकिटं माला-एन, १० पाकिटं छाया, एक थर्मामीटर आणि दोन पाकिटं मोठे पॅड एवढं पुरतं. जवळच्या हेल्थ पोस्टमध्ये आरोग्य सेविकेला किंवा एएनएमना (नर्सना) भेटून मागणी लिहून द्या. साठा आणि गोळ्यांची सुरुवात त्यांच्या हातूनच व्हायला हवी. अँटिबायोटिक, गर्भपाताच्या गोळ्या आणि कसलंही इंजेक्शन टेबलावर ठेवायचं नाही. कितीही गळ घातली तरी नाही.

निरोध पत्र्याच्या छपराखाली वरच्या फळीवर ठेवले की मे महिन्यात त्यांचं रबर खराब होतं. स्टीलच्या डब्यात, जमिनीजवळ, सावलीत ठेवा. पाकिटावरची तारीख बघा. पाकीट दाबलं की आत हवेची उशी जाणवली पाहिजे. चपटं पडलेलं असेल तर फेका. निरोध फाटतो त्यामागे अनेकदा खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन असतं. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, म्हणून पाण्याचं जेल वापरायला सांगा. दुसरं कारण टोकाला राहिलेली हवा. टोक चिमटीत धरूनच गुंडाळी उलगडायची, आणि काम झाल्यावर बुडाशी धरून लगेच बाहेर यायचं. पुरुषांसाठी निरोधचा एक डबा सार्वजनिक शौचालयाच्या आतल्या भिंतीवर टांगा आणि रात्री उशिरा भरा. हातात मागून घ्यायला जो लाजतो, तो तिथून मूठभर नेतो. पहिल्या आठवड्यात पोरं त्याचे फुगे करतील. करू द्या, डबा काढू नका.

छायाची गोळी चांगली, हार्मोन नसलेली, पण तिचं वेळापत्रक लोक हमखास चुकतात. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी चौथ्या दिवशी. समजा रविवार आणि बुधवार. पहिले तीन महिने आठवड्यातून हे दोन दिवस, त्यानंतर फक्त पहिला वार, म्हणजे रविवार. पाकिटावर पेनाने वार लिहून द्या. गोळी राहिली आणि सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

अंतरा दर तीन महिन्यांनी, दवाखान्यातच. तारीख हुकली म्हणून घाबरून बाई पुन्हा जातच नाही. तिला सांगा की दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतं. टोचलेली जागा चोळायची नाही. पाळी अनियमित होते, मग बंद होते, आणि ‘घाण रक्त आत साठतंय’ ही भीती सासूबाई घालतात. आत काही साठत नाही, अस्तरच पातळ राहतं. मूल लवकर हवं असेल तर अंतरा नको: शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

तातडीची गोळी म्हणजे लेवोनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, संबंधानंतर ७२ तासांच्या आत. जितकी लवकर तितकी चांगली. दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. आधीच दिवस गेले असतील तर ती काही करत नाही. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर तिचा भरवसा कमी होतो. अशा बाईला पाच दिवसांच्या आत तांबी बसवायला पाठवा, ती या सगळ्यांत जास्त खात्रीची आहे. महिन्यात तीन-तीन वेळा ही गोळी मागणारी मुलगी आली तर तिला ओरडू नका, शांतपणे अंतरा किंवा छायाकडे वळवा.

दिवस मोजणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून भिंतीवर दिनदर्शिका हवीच. गर्भाचे दिवस संबंधाच्या तारखेपासून मोजायचे नसतात. मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून.

समजा मुलगी १ ऑगस्टला आली. किटवर दोन रेषा. ती म्हणते, ‘वीस जूनला झालं, म्हणजे सहा आठवडे.’ पाळी कधी आली होती? ५ जूनला. आता बोट ठेवून मोजा: ५ जून ते ५ जुलै ३० दिवस, तिथून १ ऑगस्टपर्यंत २७. एकूण ५७. म्हणजे आठ आठवडे आणि एक दिवस. गोळ्यांनी गर्भपात ६३ दिवसांपर्यंत होतो, तो दिवस ७ ऑगस्ट. तिला वाटतं तीन आठवडे हातात आहेत. प्रत्यक्षात सहा दिवस आहेत, त्यात एक रविवार. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ इथेच वेळ जातो.

किट सकाळच्या पहिल्या लघवीवर वापरायचं, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे, आणि पाच मिनिटांनी वाचायचं. तासाभराने दिसलेली पुसट रेषा धरायची नाही. पाळी चुकायच्या आधी केलेली चाचणी ‘नाही’ आली तर तिच्यावर विसंबू नका, आठवड्याने पुन्हा करा. अंतरावर असलेली, बाळाला पाजणारी किंवा पाळी कायमच मागेपुढे होणारी बाई असेल तर दिनदर्शिका उपयोगाची नाही, सोनोग्राफीच लागते.

गर्भपात: कायदा आणि वाट

आपल्याकडे गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टर लागतात, आणि ही मुदत ठरावीक स्त्रियांना मिळते: बलात्कार झालेली, अठराच्या आतली, अपंग, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अशा. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लग्न न झालेल्या बाईलाही यातून वगळता येणार नाही. अठरा पूर्ण असतील तर फक्त तिची स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, आईची नाही. दवाखान्यात कोणी नवऱ्याला आणायला सांगितलं तर तो तिथला रिवाज असतो, कायदा नव्हे. हे वाक्य बाईला पाठ करून द्या. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही.

लोक दोन कायदे एकत्र करतात. मुलगा की मुलगी हे बघणं गुन्हा आहे, तो १९९४ चा वेगळा कायदा. गर्भपात मागणं गुन्हा नाही.

पाठवायचं कुठे? केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं. वस्तीतल्या निम्म्या बायकांच्या नणंदा-जावा सर्वात जवळच्या दवाखान्यात कामाला असतात, त्यामुळे काही स्टेशनं पलीकडचं रुग्णालय सुचवा. परळची बाई सायनला जाईल, धारावीची कूपरला. केसपेपर सकाळीच काढावा लागतो, तेव्हा आठच्या आत रांगेत. सोबत वस्तीबाहेरची एक ओळखीची बाई, डबा, पाण्याची बाटली, चार पॅड.

गर्भपाताच्या गोळ्यांचा क्रम डॉक्टरांकडून तिने समजून घ्यायचा: पहिल्या दिवशी एक गोळी, एक-दोन दिवसांनी दुसऱ्या औषधाच्या गोळ्या, पंधरा दिवसांनी तपासणी. ओळखीच्या केमिस्टकडून आणलेल्या गोळ्यांत बिघाड होतो तो बहुधा असा: सगळ्या एकदम घेतल्या, दिवस मोजलेच नव्हते, तांबी आत असताना घेतल्या, किंवा गर्भ पिशवीबाहेर नळीत होता. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, चक्कर, घाम असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, १०८ ला फोन करून थेट कॅज्युअल्टी.

गोळ्यांनंतर पाळीपेक्षा जास्त जाणं, गाठी पडणं, पोटात मुरडा येणं अपेक्षित आहे. दुसऱ्या गोळ्या घेतल्याच्या दिवशी थंडी वाजून ताप येतो, तो उतरतो. अपेक्षित नसतं ते हे: तासात दोन मोठे पॅड पूर्ण भिजणं आणि असं सलग दोन तास, दुसऱ्या दिवसानंतरही १००.४ च्या वर ताप, दुर्गंधी. आणि काहीच गेलं नाही तरी डॉक्टरकडे जायचंच. रुग्णालयात खरं सांगायचं, कोणती गोळी कधी घेतली ते. खोटं सांगितलं तर उपचाराला उशीर होतो. नंतर महिनाभर किट दोन रेषा दाखवू शकतं. त्यावरून पुन्हा गोळ्या घेऊ नयेत. दिवस मात्र दोनच आठवड्यांत पुन्हा जाऊ शकतात, म्हणून गर्भनिरोधकाचं त्याच भेटीत ठरवावं.

अठराच्या आतली मुलगी आली तर ती बोलायच्या आधीच सांगा: ‘तू सांगितलंस की कोणीतरी असं केलंय, तर कायद्याने आम्हाला कळवावं लागतं.’ मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात ही जबाबदारी ज्याला कळलं त्या प्रत्येकावर आहे. ‘कोणाला नाही सांगणार’ असं वचन देऊन मग मोडणं हा तिचा दुसऱ्यांदा विश्वासघात ठरतो. गर्भपातासाठी तिच्या पालकाची सही लागते. २०२२ च्या त्याच निकालाप्रमाणे, मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नसते. ही विनंती तोंडाने करावी लागते, आपोआप होत नाही.

अंगावरून जाणं आणि तपासण्या

पाळीच्या मधल्या दिवसांत तारेसारखं पारदर्शक जाणं आजार नाही. दह्यासारखं आणि खाज, मासळीसारखा वास, किंवा ओटीपोटात दुखून ताप, यांना सरकारी रुग्णालयातलं गुप्तरोगांचं सुरक्षा क्लिनिक. तिथे लक्षणांनुसार रंगीत पाकिटांतली औषधं फुकट मिळतात. जोडीदारालाही औषध द्यायला सांगितलं तर ते दोघांनी घ्यायचं, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. डेटॉलच्या पाण्याने आतून धुणं बंद.

एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी या सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, संमतीशिवाय नाही. शंका असेल तर १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत कॅज्युअल्टीत जाऊन एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या पीईपीच्या गोळ्या सुरू करता येतात, २८ दिवस. या ७२ तासांत सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.

पावडर, सुई आणि टर्की

पावडर (ब्राऊन शुगर) पन्नीवर ओढणारा पोरगा सुईकडे वळतो तेव्हा त्याला उपदेश नको असतो, स्वच्छ सुई हवी असते. पण सुया वाटण्याचं काम स्वतःहून सुरू करू नका. मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण सोसायटीच्या कार्यक्रमात सामील असलेल्या संस्थांचे कार्यकर्ते नवीन सुया देतात आणि वापरलेल्या परत घेतात. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था वर्षानुवर्षं या क्षेत्रात आहेत. तुमचं काम दुवा होण्याचं आणि वस्तीला शांत ठेवण्याचं. ‘सुया वाटता म्हणजे नशा वाढवता’ असं कोणी म्हणालं की २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम २२ दाखवा: संसर्ग कमी करण्यासाठी केलेली अशी कामं गुन्हा ठरत नाहीत. त्याची झेरॉक्स डब्यात ठेवा आणि आधीच पोलीस ठाण्यात पत्र देऊन पोच घ्या.

सुई एकट्याची असून भागत नाही. चमचा, कापूस आणि पाणी एकत्र वापरलं तरी हिपॅटायटिस सी पसरतो. त्याची चाचणी आणि गोळ्या आता सरकारी कार्यक्रमातून मोफत आहेत, बहुतेकांना १२ आठवडे. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. तिसरा डोस राहतो, म्हणून त्याची तारीख तुम्ही लक्षात ठेवा. बुप्रेनॉर्फिन या अफूवर्गातल्या औषधात अ‍ॅलर्जीचं एव्हिल मिसळून टोचणाऱ्यांच्या शिरा लवकर जातात, मग जांघेत टोचतात, गळवं होतात. गळू पिळायचं नाही, शेक द्यायचा, ड्रेसिंगला न्यायचं. ताप किंवा वर चढणारी लाल रेघ दिसली तर लगेच रुग्णालय.

गटारात किंवा मैदानात सापडलेली सुई चिमट्याने उचला, टोपण परत लावू नका, जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत टाका. बरणी तीन चतुर्थांश भरली की संस्थेकडे किंवा रुग्णालयात. कचऱ्याच्या गाडीत कधीच नाही, ती सफाई कामगाराच्या हातात घुसते. कोणाला टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि जमलं तर दोन तासांच्या आत कॅज्युअल्टीत पोचवा.

टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, लागली की माणूस काहीही करतो, त्यामुळे खोलीत कोंडून सोडवण्याचे प्रयोग घरच्यांना करू देऊ नका. ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेच्या जागी औषध देणाऱ्या सरकारी केंद्रात, जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर देतात, फुकट. महिनोन्‌महिने चालते. आईला ‘एक नशा सोडून दुसरी’ वाटतं. तिला डायबेटीसच्या गोळीची उपमा लगेच समजते. या गोळीवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या, म्हणजे ‘बटण’, घेतली तर श्वास थांबू शकतो.

सगळ्यात धोक्याचा आठवडा तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यानंतरचा. शरीराची सवय गेलेली असते, हात मात्र जुनीच मात्रा घेतो. हाक मारून उठत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे, श्वास घरघरत थांबत चाललेला: बोटांच्या सांध्यांनी छातीच्या हाडावर जोरात घासा. जागा होत नसेल तर १०८ ला ‘श्वास बंद पडतोय’ एवढंच सांगा. तोंड साफ करा, डोकं मागे, नाक दाबून दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडातून द्या. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. मिठाचं पाणी, दूध, थंड पाण्याची बादली यातलं काही नाही. रुग्णालयात पावडरचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिल्यावर उठून बसला तरी त्याला घरी पळू देऊ नका. त्या औषधाचा परिणाम तासा-दीड तासात ओसरतो आणि पावडर अजून अंगात असते.

पावडर घेणाऱ्या बायकांची पाळी अनेकदा थांबते, त्यामुळे त्यांना वाटतं दिवस जाणारच नाहीत. जातात, आणि पाचव्या महिन्यात कळतं. पाळी नसली तरी दर महिन्याला किट द्या. गरोदर असेल तर पावडर एकदम बंद करायला सांगू नका. अचानक तोडल्याने गर्भ पडू शकतो. थेट मोठ्या रुग्णालयात, डॉक्टरांना खरं सांगून. मिश्री लावणाऱ्या बायकांना मात्र ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं तर नाही म्हणतात. ‘मिश्री लावता का’ असंच विचारा. तिने बाळाचं वजन कमी भरतं.

वही आणि फोटो

वहीत नाव, फोन, खोली नंबर, काही नको. लहान वस्तीत ‘वय २४, गल्ली ३’ एवढ्यावरून बाई ओळखू येते. तारीख, वस्तू, नग, बस्स. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. एका चुकीच्या फॉरवर्डने वर्षाचं काम जातं. अंतराच्या तारखा बाईच्या कार्डावरच राहू द्या. कार्ड घरी ठेवणं शक्य नसेल तर चिठ्ठी तांदळाच्या डब्यात, ते तिचं ती बघते. नगरसेवकाला किंवा देणगीदाराला फोटो हवाच असेल तर बीपीच्या मशीनचा काढा, माणसं यायच्या आधी.